अवधी वाढला

इकडे हिंदी मुलखात, आमच्या ऑफिसात 'अवधि बढ़ी' हे दोन शब्द ऐकायला माणसं साहेबाच्या गाडीपुढे आडवी पडतात. टेंडर असो की कंत्राटी नोकरी, अवधी वाढला म्हणजे पेढे. म्हणून घराच्या कर्जाचा मेसेज आला, 'आपके ऋण की अवधि बढ़ाई गई है', तेव्हा मीही सदर बाजारातून किलोभर पेढे आणले. महागाईला वेसण घालायला मध्यवर्ती बँकेनं व्याजदर चढवले होते, लोकांचे हप्ते फुगले होते, अन् माझा हप्ता एका रुपयानं हलला नव्हता! बँकेच्या मुंबईतल्या मोठ्या साहेबानं माझी फाईल पाहून 'ह्याले हात लावू नका' असं लिहिलं, हे मी समता कॉलनीभर सांगितलं. निम्म्यांना पटलं. मला तर पुरतंच.

बायको बीरगावच्या खाजगी शाळेत शिकवते, तिसऱ्या मजल्यावर. गुडघे गेलेत तिचे. कर्ज फिटलं की नोकरी सोडायची, हे घर घेतानाच ठरलेलं. परवा म्हणाली, "विचारून तर या. चौपन्नाव्या वर्षी मी मोकळी ना?"

बँकेतल्या मुलीनं स्क्रीन माझ्याकडे वळवली. "अंकल, पाँच साल और।"

"काहून? हप्ता तर तोच हाय!"

"इसीलिए तो।" मग तिनं समजावलं. दर वाढला की कर्ज महागतं, लोक खरेदी आवरतात, गिऱ्हाईक कमी झालं की भाव थंडावतात. माझं कर्ज नवंकोरं होतं. हप्ता तेवढाच ठेवल्यावर व्याजच तो गिळत होतं, मुद्दल जागचं हलत नव्हतं. म्हणून वर्षं वाढवली.

"पण आता दर उतरला म्हणतात."

"हव अंकल, उतरा ना। पहले सात साल बढ़े थे, उतरा तो पाँच हुए।"

घरी येऊन सांगितलं. ती टमाटे चिरत होती. टमाटे खरंच स्वस्त झालेत, नाही कोण म्हणतं? तिच्याच गुडघ्यांनी झालेत.

"म्हणजे एकोणसाठ," ती म्हणाली. विळी बाजूला सारून भिंतीला धरून उठली, दोनदा बसली, मग उठली.

"तुम्ही एवढ्या थापा मारता जगाले. आज मले एक मारा ना."

मी तोंड उघडलं. मग विळी ओढून उरलेले टमाटे चिरायला बसलो.