कडीवाली

आमची कडीवाली कुणाच्याही घरी गेली की आधी दार बघायची, मग माणसं. मुखेडकडं आमच्या गावात शेतावर जाताना म्हाताऱ्या माणसाला घरात ठेवून बाहेरून कडी घालायची रीतच हाय, शेळ्या शिरतात म्हणून. ही सुट्टीला आली की गल्लीभर कड्या काढत फिरायची. बायका बोटं मोडायच्या. मीही तणतणलो, शेळीनं पीठ खाल्लं, आता भाकरी कशाची करू? म्हणाली, "काका, शेळीला हाकलता येतं. आतल्या माणसाला बाहेर येता आलं पाहिजे."

ही माझ्या भावाची लेक. बंगळुरात, अंतराळात माणसं नेणाऱ्या यानाची दारं बनवायची. गाव हसायचं, एवढी शिकली अन् सुतारकी करून राहिली. मी चौथी नापास, पण मला तिचं काम कळायचं. यान परत येताना समुद्रात पडणार. आतल्या माणसाचा हात मोडला असला तरी दुसऱ्या हातानं दार उघडलं पाहिजे. एवढंच तिचं म्हणणं.

तिथल्या थोरल्या साहेबाला ते पटेना. त्यासाठी दाराला जास्तीचा दांडा लावला तर वजन वाढतं, अन् बाहेर बचावाची माणसं असतातच, ती उघडतील म्हणे. मग चाचणीच्या दिवशी ही बाई तो जाड पोशाख चढवून, एक हात छातीशी बांधून, स्वतःच आत बसली. यान हौदात डुलत होतं. लई झटली, दार हललं न्हाई. शेवटी बाहेरून उघडलं. साहेब म्हणाले, "उघडलं की."

"तुम्ही उघडलंत," ही म्हणाली. "मी न्हाई."

दार पास म्हणून सही करीना, तर तिला दारांच्या कामावरून काढून प्रदर्शनात शाळेच्या पोरांना नमुने दाखवायला बसवलं. दारं जाणणाऱ्या बाईला! तरी तिनं भांडण सोडलं न्हाई.

पुढं आजारानं लातूरच्या दवाखान्यात पडली. तिथं बंगळुरातल्या मैत्रिणीचा फोन आला, दांडा बसवला, एका हातानं दार उघडतंय. मी विचारलं, तुझं नाव घेतलं का? म्हणाली, "उघडतंय ना, काका." त्याच आठवड्यात गेली.

यंदा लातुरात त्या साहेबाचा सत्कार झाला. त्यानं एका हाताच्या दाराची गोष्ट रंगवून सांगितली. म्हणाला, आम्हाला सुचलं. टाळ्या पडल्या. मी उभा राहिलो.

"सुचलं न्हाई साहेब. आमची पोरगी हात बांधून आत बसली होती."

एक पोरगा धावत आला, म्हणाला, आजोबा, खाली बसा.

मी बसलो न्हाई.