भिंगबाईंचा स्वतःचा नोड

पडदा वर जातो तेव्हा समोर धुलाईच्या दुकानाची मागची खोली. दोरीवर ओल्या चादरी, फळीवर तीन यंत्रं एकसुरात घोंघावताहेत. ती क्रिप्टो नावाचं डिजिटल नाणं खणतात, म्हणजे आकडेमोड करून मिळवतात, आणि त्यांच्या गरम वाऱ्यावर चादरी वाळतात. कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर. त्यात त्या नाण्याच्या पहिल्यापासूनच्या सगळ्या व्यवहारांची प्रत, आणि नवा प्रत्येक व्यवहार नियमात बसतो का, हे तो स्वतः पडताळतो. याला म्हणतात फुल नोड.

आणि ही मालकीण, भिंगबाई. तीस वर्षं गिरणीत डोळ्याला भिंग लावून कापड तपासलं. तिनं नापास केलेलं ठाण पास करायची खुद्द मॅनेजरची छाती नव्हती. काय दरारा होता!

त्या सकाळी तिनं पाहिलं तर कॉम्प्युटर थंडगार. नवरा, निवृत्त बसचालक, वर्तमानपत्राआडून म्हणाला, "तीन दिवस झाले बंद करून. तुला पत्ता तरी लागला? यंत्रं चालू, चादरी वाळल्या, पूलनं आपला वाटा बिनबोभाट धाडला. मग हे धूड कशाला पोसायचं?"

त्याचं खोटं नव्हतं. पूल म्हणजे एकत्र खणून कमाई वाटून घेणाऱ्या हजारो खाणवाल्यांची मंडळी. तपासायचं पूलनं, यंत्रांनी मिळालेलं काम नुसतं दळायचं. तिचा नोड तिथं निव्वळ बघ्या होता.

"कापडही माझ्यावाचून विकलं गेलंच असतं," भिंगबाई म्हणाली. "भोकांसकट."

"अगं, पण पूलवाले तपासतात ना?"

"तपासत असतील. दुसऱ्यानं ब्रेक बघितलेत म्हटल्यावर तुम्ही गाडी काढायचात?"

"छे. मी स्वतः दाबून बघायचो."

"मग झालं तर."

तिनं कॉम्प्युटर लावला. दुपारपर्यंत त्यानं तीन दिवसांची थकबाकी तपासून संपवली. मग तिनं सर्वांत धाकटं यंत्र पूलमधून काढलं आणि थेट आपल्या नोडला जोडलं. आता त्याला काम देणार तो नोडच.

नवरा चष्मा सावरत उठून आला. "एकट्यानं खणून आपल्या हयातीत काही हाती लागेल?"

"बहुतेक नाही."

"आणि पूलचा वाटा घटेल तो?"

"घटू दे. चादरी तेवढ्याच वाळतील."

तो कॉम्प्युटरच्या बटणाकडे बघत राहिला. भिंगबाईनं वाटेतलं स्टूल बाजूला सरकवलं.

"करा आता बंद. ते धाकटं यंत्रही जागच्या जागी थांबेल, आणि मला लगेच पत्ता लागेल."