पाण्याची खूण

माझी माय शिरपूरच्या एका जिनात कामाला होती. कापसातून सरकी वेगळी करणारी तिथली यंत्रं दिवसभर असा आवाज करत की शेजारी उभ्या असलेल्या बाईलाही हाक ऐकू जात नसे. म्हणून बायकांनी आपसात खुणा ठरवल्या होत्या. अंगठा ओठाला लावला की पाणी. मिशीला पीळ दिल्यासारखं केलं की मुकादम येतोय. दोन्ही हात झोळीसारखे हलवले की बाहेर कुणाचं तरी तान्हं रडतंय. खूण करताना त्या तोंडानं शब्दही म्हणायच्या, ऐकू जावो न जावो. ही सवय मायच्या अंगात इतकी मुरली की शांत घरातही ती मोठ्यानं बोले आणि बोलताना तिचे हात चालत.

त्या हातांच्या जोरावर मी शिकलो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. धुळ्याला कॉलेजात असताना माय भेटायला आली की मी तिला म्हणायचो, "माय, हळू बोल. हात आवर." ती हात पदराखाली घ्यायची. हे लिहिताना आजही मान खाली जाते.

पुढे मी भडगावला हायस्कुलात शिक्षक झालो. लग्न झालं, मुलगी झाली. चार वर्षांची झाली तरी ती एक शब्द बोलत नव्हती. ऐकू सगळं यायचं. मागं भांडं पडलं तर दचकून वळायची. तोवर माय काम सोडून आमच्याकडे राहायला आली होती. तिनं नातीला मुद्दाम काही शिकवलं नाही. ती आपली बोलत राहिली, हात चालत राहिले, आणि पोरीनं ते उचललं. पाणी, भूक, केळं. माझ्यासाठी तर पोरीनं स्वतःच खूण काढली: दोन्ही हातांच्या बोटांची वर्तुळं करून डोळ्यांवर धरायची, म्हणजे माझा चष्मा. संध्याकाळी माझी सायकल दारात लागली की डोळ्यांवर हात धरूनच ती धावत यायची आणि उंबऱ्याला अडखळायची.

मला मात्र त्यात तिचं मुकेपणच दिसायचं. दिवसभर मी दुसऱ्यांच्या मुलांकडून कविता पाठ करून घ्यायचो. कुणी सहज विचारलं, "सर, मुलगी काय म्हणते?" की मी परीक्षेचा विषय काढायचो.

शेवटी तिला जळगावला एका मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कान तपासले, जीभ पाहिली. पोरीनं त्यांच्या टेबलावरच्या तांब्याकडे बघून अंगठा ओठाला लावला.

"हे कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

माझ्या मायनं, असं म्हणायची लाज वाटली.

"हातवारे बंद करा," ते म्हणाले. "हातानं काम भागतंय, मग ती तोंड कशाला उघडेल? मागू द्या तोंडानं. अडलं की बोलेल."

त्यांच्या मागं भिंतीवर पदव्या टांगल्या होत्या. पदवीवर माझा देवावर असावा तसा विश्वास. एका पदवीनंच मला जिनाच्या फाटकाबाहेर काढलं होतं. मी परतलो आणि घरात नियम केला. खूण केली तर काही द्यायचं नाही.

पहिल्याच दुपारी मी पाण्याचा पेला हातात घेऊन तिच्यासमोर बसलो. "पाणी म्हण. पा-णी." तिनं अंगठा ओठाला लावला. मी तिचा हात धरून खाली केला. तिनं दुसरा हात उचलला. मी तोही धरला. ती रडायला लागली, रडून रडून तिचा घसा सुकला, आणि माझ्या हातात पाणी होतं.

बायको आत निघून गेली. माय दारातून म्हणाली, "भाऊ, पोर पानी मांगी राहिनी. दे ना तिले."

"माय, डॉक्टरांनी सांगितलंय. तुला नाही समजत त्यातलं."

"तिले बठ्ठं समजस. तुलेच समजत नही."

पंधरा दिवसांत पोरीनं खुणा सोडल्या. मला वाटलं, आता शब्द येईल. शब्द आला नाही. तिनं मागणंच सोडलं. दिलं तर खायची, नाही दिलं तर नाही. हात मांडीखाली घालून भिंतीशी बसायची. संध्याकाळी सायकल लावली तर नुसती बघायची. तिच्याजवळ माझं एकच नाव होतं, तेही मी काढून घेतलं होतं.

मग तिला ताप आला. दोन दिवस आम्ही पट्ट्या ठेवत होतो. तिसऱ्या दिवशी बायकोनं वेणी घालताना पाहिलं, कान सुजला होता. पाचोऱ्याला दवाखान्यात नेलं. कानात हरभऱ्याचा दाणा होता, फुगून घट्ट बसलेला. तो काढताना तिघांनी तिला धरलं. कंपाउंडर वैतागून म्हणाला, "दोन दिवस काय करत होतात, मास्तर? पोरीनं सांगितलं नाही?"

दोन दिवस तापात कण्हतानाही तिनं हात कानाकडे नेला नव्हता.

घरी येऊन मी मायला म्हणालो, "मला शिकव तुझ्या खुणा."

"तुले कसाले शिकाडू?" माय म्हणाली. "तू तं शिकेल शेस." पण डोळे पुसून तिनं शिकवल्या.

मी पोरीसमोर बसायचो, शब्द म्हणायचो, खूण करायचो. ती माझ्या हातांकडे बघायची आणि आपले हात मांडीखाली आणखी आत सरकवायची. तिला वाटत असणार, मी तिला पकडायलाच बसलोय. मायनं केलं तरी तेच. असे किती आठवडे गेले, सांगता येत नाही. शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता मी थांबायचो. आपण एका धडधाकट पोरीला मुकं केलं, एवढंच डोक्यात यायचं.

एके दिवशी माय म्हणाली, "तिले काही पुसू नको. जिनमा कोनी कोनाले शिकाडं नही. आपून आपलं बोलूत." मग आम्ही दोघं खोलीच्या दोन टोकांना बसून, मध्ये यंत्रं चालू असल्यासारखे, मोठ्यानं आणि हातांनी बोलायला लागलो. पोर भिंतीशी बसलेली. तिच्याकडे आम्ही बघायचो नाही.

एका रविवारी दुपारी मी मायकडे पाणी मागितलं. घाईत हात मिशीकडे गेला.

"मुकादम कोठे शे, भाऊ?" माय हसली. मी पुन्हा केलं, पुन्हा चुकलं. दोन्ही वेळा खरंच चुकलं, पोरीला दाखवायला नव्हे.

पोर उठली. माझ्यापर्यंत आली आणि थांबली, बहुतेक मी हात धरतो का ते बघत. मी हललो नाही. तिनं माझी चार बोटं एकेक करून मिटली, उरलेला अंगठा धरून माझ्या ओठाला लावला, आणि तिच्या तोंडातून आवाज आला. "पा."

ते बोलणं होतं की नुसता श्वास, मला आजही ठामपणे सांगता येत नाही. तिला पुरं वाक्य बोलायला पुढं दोन वर्षं लागली, आणि तोवर तिचे हात कधी थांबले नाहीत.

मायनं पेला भरून पोरीच्याच हातात दिला. तिनं तो दोन्ही हातांनी धरून आणला, अर्धा सांडला. उरलेलं पाणी मी प्यायलो. तहान मला खरीच लागली होती.