कानोच्या बातम्या

पिंपरीच्या ज्या कारखान्यात मी लेथवर नवीन लोकांना तयार करायचो, तिथली यंत्रं नायजेरियाला जायची. त्या निमित्ताने कानो शहरातून एक जण वर्षभर माझ्याकडे शिकायला आला. कॅन्टीनच्या जेवणाला कंटाळून रविवारी तो निगडीला आमच्या घरी यायचा आणि भाकरी-रश्श्यावर ताव मारता मारता मला त्याची हौसा भाषा शिकवायचा. खात्यातले चेष्टा करायचे, ‘‘राव, ही हौसा कोण? वहिनींना माहीत आहे का?’’ करू देत. चाळिशीत मला मित्र मिळाला होता आणि त्याच्याशी त्याच्याच भाषेत पोटभर बोलायचं होतं.

तो परत गेला तेव्हा माझी मजल ‘जेवलास का, झोपलास का’ इथवरच होती. मग त्याने कॅसेट पाठवल्या. एकीत लग्नातली गाणी, दुसरीत त्याची आई लबाड कोळी किड्याच्या गोष्टी सांगते आहे आणि मागे कोंबडे, भांडी, बायकांचं हसणं. म्हातारी इतकी भराभर बोलायची की मी तेच वाक्य पुन्हापुन्हा मागे नेऊन ऐकायचो. बायको म्हणायची, ‘‘अहो, त्या माउलीला श्वास तरी घेऊ द्या.’’ शेवटी त्याचा स्वतःचा आवाज होता: गोष्टी झाल्या की रेडिओवर बातम्या ऐक. बातम्या कळल्या की इकडे ये, मी विमानतळावर उभा असेन. कंपनी यंत्रं बसवायला तिकडे माणूस पाठवणार होती आणि माझं नाव पुढे होतं.

बातम्या म्हणजे डोक्याला ताप. ट्रान्झिस्टरची तार कपड्यांच्या दोरीला बांधायची आणि खरखरीतून शब्द वेचायचे. निवेदकाला तर कुणी मागे लागल्यासारखी घाई. दोन पावसाळे गेले, तेव्हा कुठे भाव, मंत्री, दुष्काळ कळू लागलं.

एका संध्याकाळी निवेदकाने कानोचं नाव घेतलं. दंगल. जाळलेली घरं, मेलेली माणसं, आणि मित्राचं घर ज्या वेशीपाशी होतं तिचं नाव. एकही शब्द निसटला नाही. इतके दिवस याचसाठी मरमर केली होती, आणि वाटलं, अडाणी राहिलो असतो तर बरं झालं असतं. बायकोने स्टोव्ह बंद केला आणि शेजारी येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी पेपरात त्यातली एकही ओळ नव्हती. साहेब म्हणाले, ‘‘ऑर्डर चालू आहे ना, मग काळजी कसली?’’ मला इतकी चीड आली की तिथून उठून आलो. पत्रं टाकली, तार केली. उत्तर नाही.

काही महिन्यांनी कानोहून नवी तुकडी आली. मी त्यांना पहिल्याच दिवशी गेटवर गाठलं. त्यांच्यात खुशाली विचारल्याशिवाय मुद्द्याला हात घालत नाहीत. घर कसं, काम कसं, प्रवासाचा शीण कसा, सगळं विचारलं. मग मित्राचं नाव घेतलं. त्यांच्यातला वयस्कर होता तो आधी खूश झाला, म्हणाला, तुम्ही अगदी रेडिओसारखं बोलता. मग नाव त्याच्या ध्यानात आलं. त्याने खाली बघत सांगितलं. आई आणि तो, दोघंही त्या दंगलीत गेली.

मला समजलं नसेल असं वाटून तो पुन्हा पहिल्यापासून, सावकाश, सोपे शब्द वापरून सांगायला लागला. मी हात धरून त्याला थांबवलं.