खालच्या मजल्यावरचे बॉयलर अटेंडंट

कॉफी मशीन घरात आलं त्याच्या पहिल्याच सकाळी मी स्वतःचे डोळे घालवता घालवता राहिलो. चूक साधी होती. कॉफीची पूड मी इतकी बारीक दळली आणि इतकी दाबून भरली की पाणी खाली उतरेना. मशीन घुरघुरतंय, कप कोरडा. मग माझ्यासारखा माणूस जे करेल तेच मी केलं. मशीन चालू असतानाच, आत काय अडकलंय ते बघायला, पूड भरलेला दांडा फिरवून काढला. धाडकन आवाज झाला आणि गरम चोथा छतावर, टाइल्सवर, कॅलेंडरवर आणि माझ्या चष्म्यावर जाऊन बसला.

बायको आतून "काय झालं?" म्हणायच्या आत दारात एक माणूस उभा. अंगात बनियन, कमरेला टॉवेल, अर्ध्या गालावर दाढीचा फेस. आमच्या बरोबर खालच्या फ्लॅटमधले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तडक ओट्याशी गेले, प्लग उपटला, मशीनजवळ उलटा हात धरून पाहिला आणि मग मला विचारलं,

"प्रेशर किती?"

मी खोका आणला. "पंधरा बार," मी मोठ्यानं वाचलं. थोड्या अभिमानानंच.

ते मटकन खुर्चीवर बसले. "पंधरा? आमचा बॉयलर साडेदहावर चालायचा. अख्ख्या कारखान्याला वाफ द्यायचा. वर्षाला सरकारचा इन्स्पेक्टर यायचा, आतून-बाहेरून बघायचा, तवा परवाना. आन् तुम्ही पंधरा बार घेऊन सैपाकघरात उभं राहायलात? पायजम्यावर?"

"काका, हे घरगुती आहे."

"वाफेला काय ठाऊक, घर हाय का कारखाना हाय? गेज कुठंय?"

"नाही याला."

"सेफ्टी व्हॉल्व्ह?"

"असेल आत."

"आसंल!" ते बायकोकडे वळले. "ताई, ऐकायलात ना? आसंल म्हणायलेत."

बायको हसली. माझ्या डोक्यात त्या माणसाविषयी जी अढी बसली, ती त्या हसण्यापासून.

तुमच्याही बिल्डिंगमध्ये असा एक जण असेलच. नसेल, तर बाकीचे लोक तुमच्याकडे बघून तसं म्हणत असतील. आमचे हे गृहस्थ वाळूजच्या एका कारखान्यात तेहतीस वर्षं बॉयलरवर होते. आधी बजाजनगरात दोन खोल्यांत राहिले, निवृत्तीच्या वेळी इकडे शहरात फ्लॅट घेतला. बायको वारली होती, मुलगा पुण्यात. घरात भिंतीवर दोनच गोष्टी होत्या. एक बुद्धाचं चित्र, आणि शेजारी तेवढ्याच मापाच्या फ्रेममध्ये बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट. दोन्हींवरची धूळ रोज पुसली जायची. चहा पीत नसत, कॉफीही नाही. आयुष्यभर पाण्याची वाफ केलेला हा माणूस सकाळ-संध्याकाळ फुलपात्रभर नुसतं गरम पाणी प्यायचा.

त्या दिवसापासून आमचं युद्ध सुरू झालं. मी सकाळी सहाला मशीन लावलं की पंप घुरघुरायचा आणि खालून छताला जाळी काढायच्या झाडूचा दांडा बसायचा. ठक. मी बंद केलं नाही तर ठक ठक. चारच दिवसांत त्यांनी सोसायटीच्या वहीत तक्रार लिहिली : "माझ्या डोक्यावरील सदनिकेत विनापरवाना बाष्पपात्र चालविले जात असून चालकास कोणतेही प्रशिक्षण नाही." आमच्या सेक्रेटरींचं शहागंजात कापडाचं दुकान आहे. त्यांनी ते वाचून गिऱ्हाइकासमोर मला फोन लावला. "सर, ये बाष्पपात्र क्या चीज है? घरमें क्या पाल रखा है?"

जिन्यात भेटले की ते मला वरपासून खालपर्यंत बघायचे. "तुमच्यासारखा माणूस आमच्याकडं असता ना मास्तर, तर आम्ही त्याला गेटावर बसवला असता. आत नसता घेतला."

मी ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवतो. शब्दाला शब्द देणं हाच माझा धंदा. पण त्यांच्यापुढे जिन्यात मला कधीच काही सुचलं नाही. जे सुचायचं ते वर येऊन चपला काढताना. म्हणून मी दुसरा मार्ग धरला. रविवारी सकाळी कॉफी प्यायची नसतानाही मी मशीन नुसतंच चालवायचो. पाणी आत, पाणी बाहेर. खालून ठक ठक आलं की आणखी एक कप पाणी. माझ्या वयाला हे शोभत नव्हतं. म्हणूनच बहुतेक मजा येत होती.

कॉफी कशी होत होती ते विचाराल तर, वाईट. कधी करपट, कधी आंबट. लेकीनं बंगळुरूहून एवढं मशीन पाठवलं म्हणून मी तिला फोनवर "वा, फेस काय सुंदर येतो" असं सांगायचो आणि मग बायकोच्या चहातला अर्धा कप मागून घ्यायचो.

तीन-चार महिन्यांत मशीनची धार बारीक झाली. मग थेंब. मग नुसता कण्हल्यासारखा आवाज. मी सुई घालून पाहिली, फुंकून पाहिलं, बाजूनं दोन चापट्या मारून पाहिल्या. तिसऱ्या चापटीला दारावर थाप पडली.

"मारू नका त्याला," ते म्हणाले. "आवाज बदललाय त्याचा. आठ दिवस झाले, ऐकायलो मी. पाणी कुठलं घालता?"

"बोअरचं. नळाचं पाणी आठवड्यातून एकदा येतं, ते प्यायला ठेवतो आम्ही."

मग त्यांनी मला शहागंजात पिटाळलं, लिंबूसत्त्व आणायला. आणलेलं लिंबूसत्त्व कोमट पाण्यात विरघळवून त्यांनी मशीनच्या टाकीत ओतलं, थोडं आत घेतलं, थांबले, पुन्हा घेतलं. मध्ये कानामागे हात धरून आवाज ऐकायचे. मला बोलायची बंदी होती. तासाभरानं खालच्या वाटीत पांढरा, कणीदार गाळ पडला. त्यांनी तो बोटावर घेऊन माझ्या नाकासमोर धरला.

"हे काय हाय?"

"क्षार."

"कुठून आले?"

"खडकातून. पाणी झिरपताना क्षार विरघळतात आणि…"

"पोरांना शिकवता हे?"

"अकरावीला."

"ताई," ते बायकोला म्हणाले, "ह्यांच्या पोरांचं कसं व्हायचं?"

मशीन पुन्हा घुरघुरलं आणि नळीतून जाड धार लागली. त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे आलं ते मी आधी पाहिलं नव्हतं. ते वाकून धारेकडे बघत होते, तान्ह्या मुलाकडे बघावं तसं. बायकोनं त्यांच्यासमोर फुलपात्रात गरम पाणी ठेवलं. ते पिता पिता ते आपणहून बोलले, तेवढं एकदाच.

"पोरगा पुण्याला चला म्हणायलाय. चौदावा मजला हाय त्याचा. पोरगा चांगला हाय, सूनही चांगली हाय. पण तिथं मी काय करू? लिफ्टनं वर, लिफ्टनं खाली. इथं खालच्या पंपाचा, वरच्या टाकीचा, समद्याचा आवाज मला कळतो. ही जागा माझ्या कमाईची हाय. मी इथंच राहणार." मग म्हणाले, "मागल्या साली चक्कर येऊन पडलो, तवापास्नं त्यानं अट घातली हाय. म्हणला, बाबा, तुम्ही ठीक हायत तवर ऱ्हावा. पण ज्या दिवशी बिल्डिंगीतून तुमची तक्रार येईल, त्या दिवशी मी गाडी घेऊन येतो."

"तुमची कोण तक्रार करणार काका?" बायको म्हणाली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मशीन पुसत होतो.

त्यानंतर त्यांनी दर रविवारी तपासणीला यायचं आपणच ठरवून टाकलं. टाकी, नळी, चाळणी. प्रत्येक वेळी काहीतरी चुकलेलं सापडायचं. कौतुक एकदाही नाही. झाडूचा दांडाही थांबला नव्हता. फक्त आता त्याला कारण असायचं : ठक म्हणजे पाणी कमी, ठक ठक म्हणजे बंद करा. खालच्या मजल्यावरून माझ्या स्वयंपाकघराचा कारभार चालायचा आणि मी आतल्या आत उकळत होतो.

मग आमचे प्राचार्य सपत्नीक घरी आले. कॉलेजात पर्यवेक्षकाची जागा रिकामी होणार होती आणि मला ती हवी होती, हे इथं लपवून काय उपयोग? चिकमगळूरहून मागवलेल्या बिया, नवे कप, सगळी तयारी. मी ओट्याशी उभा राहून दाब, तापमान, फेस यांवर बोलत होतो. प्राचार्य मान डोलावत होते. खालून ठक आलं. मी बोलतच राहिलो. ठक ठक आलं. मी आवाज वाढवला. मिनिटभरात उघड्या दारातून हे आत आले, प्राचार्यांच्या आणि माझ्या मधून गेले, आणि त्यांनी प्लग उपटला.

"टाकीत पाणी नाय! पंप कोरडा फिरायलाय! कानात काय बोळे घातलेत का मास्तर? किती वेळा सांगितलं? अडाण्याच्या हातात वाफ!"

टाकीत खरोखरच पाणी नव्हतं. पण ते मला नंतर कळलं. त्या क्षणी मला दिसला तो फक्त प्राचार्यांचा चेहरा. ते हसू दाबत म्हणाले, "सर, तुमच्या वर्गातही असंच कुणी येतं का?" बायकोनं पटकन चहा टाकला. पाहुणे अर्ध्या तासात उठले.

प्राचार्य जिना उतरताहेत तोवर मी कागद घेतला होता. सेक्रेटरींच्या नावे दीड पान लिहिलं. "परवानगीशिवाय दुसऱ्यांच्या घरात शिरणे, वीज बंद करणे, पाहुण्यांसमोर अपशब्द." इथवर ठीक होतं. पुढे लिहिलं, "वयोमानानुसार त्यांचे भान सुटत असून ते एकटे राहण्याच्या स्थितीत नाहीत. त्यांच्या कुटुंबीयांस कळवावे."

त्यांच्या मुलाची अट मी विसरलो होतो, असं मी पुढे बरेच दिवस लोकांना सांगितलं. तुम्हाला सांगत नाही. "एकटे" हा शब्द लिहिताना मला ती अट शब्दन् शब्द आठवत होती.

तीन शेजाऱ्यांच्या सह्या संध्याकाळच्या आत मिळाल्या. कुणाला ते पार्किंगवरून बोलले होते, कुणाला गॅसच्या नळीवरून. माझ्या बायकोनं कागद वाचला, घडी घातली आणि परत दिला. "मी नाही करणार सही," एवढंच म्हणाली. सेक्रेटरी मात्र कागद घ्यायलाच तयार नव्हते. "जाने दो ना सर. बुजुर्ग आदमी है." मी म्हणालो, कळवा.

शनिवारी दुपारी गाडी आली. मुलगा खरंच चांगला होता, अगदी नम्र. मी खाली गेलो. एव्हाना राग उतरला होता. मी त्याला म्हणालो, "अहो, ते रागाच्या भरात लिहिलं मी. तसं काही नाही. एकदम ठणठणीत आहेत ते."

"काका, सही तुमचीच आहे ना?" त्यानं शांतपणे विचारलं. "सोबत आणखी तिघांच्या आहेत. मी तिकडं चारशे किलोमीटरवर… नाही, अंतर तेवढं नाही, पण मला तेवढंच वाटतं रात्रंदिवस. उद्या काही झालं तर मी काय म्हणू? लोकांनी लिहून दिलं होतं, तरी ठेवलं?"

तेवढ्यात आतून ते आले. पांढरा शर्ट, नीट इस्त्री केलेला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन फ्रेम. मी म्हणालो, "काका, मी त्यांना सांगतोय की ते खरं नाही."

"खरं नाय कसं? घरात शिरलो व्हतो. प्लग काढला व्हता." मग माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले, "अक्षर लई चांगलं हाय तुमचं, मास्तर. एक शब्द वाचायला अडला नाय."

ते गाडीत बसले. फ्रेम त्यांनी मागं ठेवू दिल्या नाहीत, मांडीवर घेतल्या. गाडी फाटकाशी वळताना मी हात वर केला. त्यांनी काच वर केली.

वर आलो तर बायको खिडकीशी उभी होती. मी बोलत सुटलो. पुण्यात दवाखाने चांगले आहेत, नातवंडं आहेत, इथं चक्कर येऊन पडले असते तर कुणाला कळलं असतं, शेवटी मुलाजवळ असलेलंच बरं. खिडकीबाहेर बघतच ती सगळं ऐकून घेत होती. माझं संपल्यावर म्हणाली,

"लेक आपल्यालाही न्यायला येईल कधीतरी. तेव्हा सही करायला नाही म्हणेल असं एक तरी माणूस या बिल्डिंगमध्ये आहे का, तेवढं बघून ठेवा."