लाल अक्षरांची ताई

ऑफिसात तिला सगळे ताईच म्हणत. वेबसाइटवरचे फॉर्म बनवणं हे तिचं काम, आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. काही चुकीचं भरलं की खाली लाल अक्षरं उमटतात ना, ती हिची. स्वभाव मात्र लोण्यासारखा. म्हणून तर अडचणीतल्या बायकांना आसरा देणाऱ्या एका संस्थेचा फॉर्म तिने जीव ओतून केला. ईमेल लिहून पुढच्या रकान्यात गेलं की लगेच लाल अक्षरांत कळायचं, 'हा ईमेल आधीच नोंदलेला आहे.' घाबरलेल्या बाईने अख्खा फॉर्म भरायचा आणि शेवटी नकार ऐकायचा, हे तिला पटेना.

"आणि दुसऱ्याच कुणी तिचा ईमेल टाकून पाहिला तर?" फॉर्म तपासणाऱ्या काकांनी विचारलं होतं.

"काका, तुम्ही म्हणजे ना, साप साप म्हणून भुई धोपटताय! एवढा रिकामा वेळ कुणाला आहे?" ताई हसली होती. हसायला काय जातंय!

गुरुवारी तिच्या धाकट्या बहिणीने त्याच फॉर्मवर नाव नोंदवलं. नवऱ्याचा मार खाऊन खाऊन बिचारी थकली होती. ताईनेच तिला धीर दिला. सोमवारी तिला न्यायला संस्थेची गाडी येणार होती.

रविवारी दुपारी बहिणीचा नवराच ताईच्या दारात हजर, हातात संत्र्यांची पिशवी! टेबलावरचा ताईचा लॅपटॉप त्याने पुढ्यात ओढला आणि गोड हसला. "ताई, तो बायकांचा फॉर्म तुम्हीच केलात म्हणे? आम्हालाही दाखवा की." फॉर्म उघडून तो एका बोटाने बायकोचा ईमेल टाइप करू लागला.

ताई त्या बोटाकडे बघत राहिली. एक अक्षर, दुसरं अक्षर. हा पुढच्या रकान्यात गेला की संपलंच सगळं! चहाचं निमित्त करून ती उठली आणि जाता जाता कोपऱ्यातल्या राउटरची वायर उपटली.

तो पुढच्या रकान्यात गेला. लाल अक्षरं आली नाहीत.

"नेट गेलं वाटतं," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना.

"असू दे हो, घाई कुठे आहे?" तो स्क्रीनकडे बघतच नव्हता, तिच्या तोंडाकडे बघत होता. चहा न घेताच निघाला.

दार लावून ताईने वायर जोडली आणि फॉर्म बदलला. आता ईमेल कुणाचाही असो, उत्तर एकच, 'पुढची माहिती ईमेलवर पाठवली आहे.' तिचा जीव भांड्यात पडला. मग सहज म्हणून तिने कोणता ईमेल कधी तपासला गेला याची यादी उघडली. धाकटीचा गुरुवारी एकदा. तो तिने स्वतः भरलेला. आणि शनिवारी सकाळी तीनदा.

म्हणजे मेल्याला कालच कळलं होतं! तो फॉर्म बघायला आलाच नव्हता. ताईला ठाऊक आहे का, ते तिच्या चेहऱ्यावर वाचायला आला होता. आणि तिचा चेहरा त्याला सगळं सांगून बसला होता.

धाकटीचं घर दोन गल्ल्या सोडून. ताईने तिला फोन लावला. बराच वेळ वाजला, मग उचलला गेला.

"बोला ताई," तो म्हणाला. "आलं का नेट?"

ताई अनवाणीच जिना उतरत सुटली.