गुळवेलीचा काढा

बायकोच्या, सुमनच्या, सांध्यांच्या दुखण्यावर मी डॉक्टरीणबाईंना न विचारता तिला गुळवेलीचा काढा पाजत राहिलो. प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून. तोही दुप्पट, कारण मी मनाने उदार. डॉक्टरीणबाईंनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, यांची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटली आहे. ती दाबायला मी औषधं देतेय आणि तुम्ही तिला खुराक घालताय?"

तेव्हापासून मी सकाळी सुमनच्या हातांकडे चोरून बघतो. आज तिची बोटं वाकेनात, म्हणून तिने चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरला, लहान मूल धरतं तसा. बाहेरून येणाऱ्या रोगजंतूला दार तरी लावता येतं. इथे तिचं शरीरच तिच्या मनगटाला परकं समजतंय. उद्या त्याने डोळ्यांना ओळखलं नाही तर? मूत्रपिंडांना? ही ओळख नेमकी कशाने पुसते, ते संशोधक म्हणे अजून शोधताहेत. त्यांना सापडेपर्यंत मी तिच्या कुठल्या कुठल्या अवयवावर नजर ठेवायची?

कप कलंडतोय असं वाटून मी धावलो. "थांब, मी धरतो!"

"तुम्ही लांब बसा," सुमन म्हणाली. "दुखणं मी सोसेन, तुमची सेवा झेपायची नाही मला."